बाभळीच्या काट्यावरची तबकडी

१

पोळ्याच्या दिवशी सकाळी अण्णांचं महिन्याचं श्राद्ध उरकलं. विमलने त्यांच्या खोलीत जाऊन ॲम्प्लिफायर सुरू केला, आणि कर्ण्यातून जो आवाज आला तो ऐकून तबकडीवरचा सुईचा हात झटकन उचलला.

तबकडी साधीच होती, बाजारातली, सनईची. अण्णा नेहमी तीच लावून यंत्राची परीक्षा घेत, त्यामुळे तो सूर विमलला पाठ होता. आज तो ओलं धोतर टरकावं तसा फाटत होता. तिने वाकून पाहिलं. शेवटच्या मोठ्या वाल्वच्या, त्या दिव्यासारख्या नळीच्या, काचेआड एरवी फक्त एक नारिंगी वात दिसायची. आता तिच्याभोवतालचा काळा पत्राच लाल व्हायला लागला होता. ट्रान्सफॉर्मरला बोट लावलं तर चटका बसला. कसला तरी उग्र वास नाकात शिरला. तिने बटण बंद केलं आणि अंधारत गेलेल्या वाल्वकडे पाहत तशीच बसून राहिली.

अण्णा, म्हणजे हणमंतराव मास्तर, नांदेडच्या फौकानिया मदरशात, सरकारी हायस्कुलात, सायन्स शिकवायचे. शिकवायचं उर्दूत, पुस्तकं वाचायची इंग्रजीत आणि पोरांवर ओरडायचं मराठीत. महायुद्धाच्या दिवसांत बाजारात खिळा मिळत नव्हता, त्या काळात त्यांनी एकेक सुटा भाग जमवून हे यंत्र घरी बनवलं होतं. आई विमलच्या लहानपणीच गेली, तेव्हापासून अण्णांच्या हाताखाली चिमटा न् दिवा धरायचं काम तिचं. एखादं नवं यंत्र जोडून झालं की ते टेलिफोनचा जुना तुकडा तिच्या तोंडाशी धरत आणि म्हणत, "विमे, बोल गं काही." ती लाजायची, आणि काहीच न सुचून बेचा पाढा म्हणायची. कर्ण्यातून स्वतःचा "बे एके बे" ऐकून तिला हसू फुटायचं.

आषाढातल्या दिव्याच्या अवसेला, याच टेबलाशी बसल्या बसल्या, अण्णा गेले. लातूरहून विमल पोचली तेव्हा फक्त राख उरली होती.

आणि उरली होती ती दुसरी तबकडी. आत्ता ती विमलच्या मांडीवर होती. ॲल्युमिनियमची, करडी, ताटलीएवढी. माघात अण्णा हैदराबादच्या नुमाइशीला, तिथल्या मोठ्या प्रदर्शनाला, गेले होते. तिथे कुणा माणसाने तंबू टाकला होता. तीन मिनिटं बोला, आवाज तबकडीवर भरून देतो म्हणायचा. अण्णा बोलले. काय बोलले ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. विमलला पत्रात लिहिलं, 'दिवाळीला ये. दोघं मिळून ऐकू.' पाकिटावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात होतं: 'विमलसाठी. पोलादी सुई लावू नये. बाभळीचा काटा.'

धातू इतका मऊ, की चारपाच वेळा वाजली की तबकडी पुसली जाणार. शेजारच्या वसंतराव वकिलांकडे चावीचा फोनो होता, पण त्याच्या जड डोक्याखाली ती नांगरल्यासारखी उलटली असती. अण्णांच्या यंत्राचा हात तेवढा हलका. लातुरात विमलच्या सासरी अजून कंदील होते. आणि परवा दीर तिला न्यायला येणार होता. धाकट्या भावाला, शरदचंद्राला, हैदराबादेत नोकरी लागलेली. आठ दिवसांत तो आत्याला घेऊन निघणार, भाड्याचं घर सुटणार, यंत्र मदरशाला जाणार.

म्हणजे दोन दिवस. दोन दिवसांत हा गळा दुरुस्त झाला नाही, तर अण्णा पुन्हा बोलणार नव्हते.

सनई ऐकून शरद दारात येऊन उभा राहिला होता. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"मला वाटलंच होतं, ताई," तो म्हणाला. "वाल्व बदललाय. आणि कुणी बदललाय ते मी डोळ्यांनी पाहिलंय."

२

"शिवप्पा," शरद म्हणाला. "अकराव्याच्या दुपारी. मी नदीवरून आलो तर हा खोलीत एकटा. यंत्र दोन्ही हातांत धरून उभा. मला बघून असा दचकला! असला वाल्व आज नांदेडात दुसरा न्हाई. आपल्यातला काढून मेलेला बसवला त्याने. मी उद्याच अमीनकडे तक्रार देतो."

शिवप्पा उदगीरकडचा, मोंढ्याजवळ, धान्याच्या बाजारापाशी, रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारा. अण्णांचा शागीर्द म्हणा, मित्र म्हणा. अमीनसाहेबांच्या ठाण्यात गरीब माणसाला कसं विचारतात हे नांदेडात कुणाला सांगावं लागत नव्हतं.

"परवापर्यंत थांब," विमल म्हणाली. "तोवर कुणाकडे जायचं नाही."

"आणि परवा?"

"परवा मी तुला नाव सांगेन."

असं ती बोलून गेली खरी, पण नाव अजून तिलाच ठाऊक नव्हतं. वाल्व निवल्यावर तिने तो फडक्यात धरून अलगद उपटला आणि उलटा केला. अण्णांची एक सवय फक्त तिला ठाऊक होती. नवा वाल्व आणला की ते त्याच्या बुडाला लाखेचा थेंब देत आणि लाख मऊ असताना सुईने तारीख कोरत.

लाख होती. तारीख होती. चार हा आकडा अण्णा काढायचे तसा, डोकं मिटलेला.

वाल्व तोच होता.

मग तिने वही काढली. दर अवसेला अण्णा यंत्र उताणं करून, पोट उघडं ठेवून, मीटरने सगळे सांधे तपासत आणि आकडे लिहून ठेवत. शेवटची नोंद दिव्याच्या अवसेची. 'मोठ्या वाल्वची जाळी: शून्य. आवाज: निर्मळ.' त्याखाली पान कोरं. त्या पानावरची शाई दोनतीन ठिकाणी गोल फुटली होती. कुणीतरी या पानावर रडलं होतं. शरद असेल. वरून कितीही चढ्या आवाजात बोलला तरी पोरगा आतून मऊ. विमलने त्या डागांवरून बोट फिरवलं आणि त्याला काही विचारायचं नाही असं ठरवलं.

वहीच्या पहिल्याच पानावर अण्णांनी शागीर्दांसाठी लिहून ठेवलं होतं: 'आवाज फाटणे व वाल्व तापणे, दोन्ही एकदम आल्यास जाळीवर चोरटी वीज येते काय हे आधी पाहावे. माणसांना मागाहून विचारावे.'

जाळी म्हणजे काय, हे त्यांनी तिला दहाव्या वर्षी मळ्यात नेऊन दाखवलं होतं. मोटेचं पाणी पाटातून येतं. कोणत्या वाफ्यात किती सोडायचं ते दारं धरणारा गडी ठरवतो. वाल्वमधली जाळी म्हणजे तो गडी. त्याला वरून कुणी ढकलत राहिलं तर दारं उघडंच राहणार. पाणी धो धो येणार, वाफे फुटणार. वाल्व तापतो तो असा, आवाज फाटतो तोही असाच.

तिने वाल्व परत बसवला, यंत्र उताणं केलं, मिनिटभर चालू केलं आणि मीटरची टोकं जपून लावली. काटा शून्यावर थांबला नाही. अकरावर जाऊन थरथरत राहिला.

चोर होता. पण वाल्वचा चोर नव्हता.

३

वसंतराव वकील ओट्यावर बसून पोळ्याचे बैल बघत होते. रस्त्याने घुंगरं वाजत होती, शिंगांचा बेगड चमकत होता. निजामाच्या कचेरीत आयुष्य गेल्यामुळे त्यांच्या बोलण्यात कायदा आणि उर्दू एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसत.

"ये बेटा. चहा सांगू?"

"नको, काका. एक विचारायचं होतं. अण्णा गेल्यानंतर तुम्ही त्यांच्या खोलीत गेला होता?"

"म्हणजे माझी जबानी होय?" ते हसले. मग तिचा चेहरा बघून गंभीर झाले. "तेराव्याला आलो होतो. दारातूनच हात जोडले. हात लावला न्हाई कशाला. हणमंत जिवंत असताना लावू द्यायचा न्हाई, आता कशाला लावू? तुझ्या आत्याला तर तो टेबलावर फडकं मारू द्यायचा न्हाई. घरभर तकरार चालायची दोघा भावाबहिणीची."

"पण तुम्हाला तसाच वाल्व हवा होता."

वसंतरावांनी रस्त्याकडे पाहिलं. समोरून एक बैलजोडी गेली, मग दुसरी.

"हवा होता," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू. मलाही असं यंत्र करायचं होतं. शिवप्पाला मी खोदून खोदून विचारायचो. तुला सांगावं की न्हाई हेच चालू होतं माझ्या मनात... पण आता विचारलंस तर ऐक. बारावा झाला त्या संध्याकाळी शिवप्पा मला म्हणाला, वकीलसाहेब, तसला एक वाल्व नजरेत हाय. मी म्हटलं, कुठाय? तर म्हणतो, सांगणार न्हाई, तुमच्यासाठी न्हाई तो. आणि दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप. परळीच्या गाडीने गेला. चार दिवस गायब."

"कुठे गेला होता?"

"लातूरला," वसंतराव म्हणाले. "तुझ्या गावाला. आता तिथे कुणाच्या घशात घातला तो वाल्व, ते तूच विचार त्याला."

४

शिवप्पाच्या दुकानात उघडे रेडिओ ओळीने मांडलेले होते. विमलला बघून तो उठला, स्टूल फडक्याने पुसलं आणि स्वतः उभाच राहिला.

"अकराव्यापासून शरदराव माझ्याबद्दल काय म्हणतात ते कळलंय मला, आक्का. सबंध मोंढ्याला कळलंय. सकाळपासून एक गिऱ्हाईक न्हाई."

"तू काय म्हणतोस?"

"मी काय म्हणू? मास्तरांनी मला डाग द्यायला शिकवलं. कथील कसं वितळतं ते बघ म्हणायचे, घाई करू नको." त्याने मान दुसरीकडे फिरवली. "अकराव्याला आलो होतो. व्हय. खोलीत गेलो होतो. हातसुद्धा लावला, कारण मला ते बघवलं न्हाई."

"काय बघवलं नाही?"

"यंत्र उताणंच होतं, आक्का. मास्तर आकडे घेता घेता गेले ना. पोट उघडं, खाली दोन बाजूंना दोन पुस्तकं. अकरा दिवस कुणी सरळ केलं न्हाई त्याला. आपलं माणूस असं पडलं असतं तर ठेवलं असतं का? मी उचललं, सरळ केलं, खालचा कागद काढून टाकला. तेवढ्यात शरदराव आले. माझ्या डोळ्यांला पाणी होतं म्हणून दचकलो. चोरी केली म्हणून न्हाई."

"कागद का काढून टाकलास?"

"ओला होता की. म्हटलं छत गळतंय, मास्तर असते तर पत्रा ठोकला असता."

विमलने ते मनात टिपून ठेवलं. त्या खोलीच्या वर दुसरा मजला होता. तिथे छत गळणं शक्यच नव्हतं.

"आणि लातूरला कशाला गेला होतास?"

शिवप्पाने फळीवरून बिस्किटांचा एक डबा काढला. आत सरकीचा कापूस, आणि कापसात, एखादं अंडं जपावं तसा, एक वाल्व. तसाच. काचेवर धुळीचा कणसुद्धा नाही.

"लातूरला तंबूतला सिनेमा आलाय. त्यांचा ऑपरेटर संगप्पा माझ्या गावचा. माझा टेबलपंखा त्याला दिला, हा घेतला. तुमच्या तबकडीसाठी, आक्का. ती वाजता वाजता मास्तरांचा वाल्व गेला तर? एकच तर हाय. म्हणून दुसरा जवळ असावा."

विमलने जाळीवरच्या अकराची गोष्ट त्याला सांगितली. तिने डबा हातात घेतला, आणि शिवप्पाने वरून हात ठेवून झाकण लावलं.

"पण लावू नका हा अजून. आत जो कुणी बसलाय तो सापडायच्या आधी लावला, तर हाही जळंल."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ गच्च होतं. गोदावरीवरून येणारी ओल भिंतींना लागत होती. विमलने मिनिटभर यंत्र चालू करून जाळी मोजली. चौदा.

दुपारी आभाळ उघडलं आणि खोलीत कडक ऊन आलं. तिने खिडकी सताड उघडून यंत्र तासभर उन्हात ठेवलं, मग पुन्हा मोजलं. चार. सनई लावली तर अर्धीअधिक स्वच्छ. तिने शरदला हाक मारून दिवा धरायला बसवलं, आणि वाल्वबद्दल एक शब्द काढू नको म्हणून बजावलं.

"हे बघ. वाल्व खराब असता तर सकाळी न् दुपारी सारखाच वाईट असता. त्याला ऊन-पाऊस कळत नाही."

"मग कशाला कळतं?"

"त्या दोन वाल्वच्या मधे तो मेणाचा कंडेन्सर दिसतो ना, आवाज त्यातून पुढे जातो आणि वीज मागे अडते. तो गळायला लागला तरी जाळीवर वीज येते. पण गळका कंडेन्सर तापला की जास्त गळतो. आणि आपलं यंत्र उन्हात सुधारलं. उलटंच झालं."

"तरी बघून तर घे."

"घेते." तिने कंडेन्सरचं जाळीकडचं टोक कथील वितळवून सोडवलं आणि हवेत उभं केलं. आता दोन वाल्वमधली वाटच तोडली होती. चोर कंडेन्सर असेल तर काटा शून्यावर यायला हवा.

काटा चारवरच राहिला.

भावंडं एकमेकांकडे बघत राहिली. वाट तोडली तरी वीज येतच होती.

"काय वास मारून राहिलाय, ताई," शरद नाक मुरडत म्हणाला. "तापलं की गोठ्यात उभं राहिल्यागत वाटतं."

विमलने बटण बंद केलं आणि अण्णांचं भिंग डोळ्याला लावलं. जिथे तारा जोडतात ती तपकिरी पट्टी नेहमी कोरडी, गुळगुळीत असायची. आज सांध्यांच्या कडांना हिरवट बुरशीसारखं काही चढलं होतं, आणि एका सांध्यापासून दुसऱ्यापर्यंत पांढुरक्या कणांची फिकट कडा होती. मिठासारखी. तिने नखाने एक कण खरवडला. दमट हवेत मीठ ओलं होतं, उन्हात सुकतं. आणि ओल्या मिठावरून वीज चालते, हे नववीच्या पोरांना अण्णा काचेच्या भांड्यात दाखवत. कंडेन्सर सोडवला तरी पट्टीवरची ही दुसरी वाट उघडीच होती.

ती उठून उभी राहिली. पट्टीवर गोल डाग. शेजारच्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर गोल डाग. पितळी घड्याळावर तीन डाग, तेही हिरवट. आणि वहीच्या पानावर शाई फुटलेले ते डाग.

"शरद, या पानावर तू रडला होतास?"

"मी? मी ती वही उघडलीसुद्धा न्हाई."

तिने वही मूळच्या जागी ठेवून पाहिली. डाग विखुरलेले नव्हते. पुस्तकांपासून घड्याळापर्यंत, घड्याळापासून यंत्रापर्यंत ओळीने पडले होते, आणि प्रत्येक थेंबाची शेपटी दारासमोरच्या खिडकीकडे होती. रडणारा माणूस एका रेषेत रडत नाही. ही ओळ दाराकडून आली होती. कुणीतरी उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून, आत पाऊल न टाकता, यंत्राच्या उघड्या पोटावर काहीतरी फेकलं होतं.

हात न लावता.

तिला एकदम कळलं, आणि कळलं ते तिला नको होतं.

६

लक्ष्मीबाई आत्या स्वयंपाकघरात ज्वारी पाखडत होती. अण्णांची धाकटी बहीण, विसाव्या वर्षी विधवा होऊन भावाकडे आलेली. विमलला न्हाऊमाखू तिनेच घातलं होतं.

विमल तिच्याजवळ बसली आणि सुपातले खडे वेचू लागली.

"आत्या, अकराव्याला सुतक फिटलं तेव्हा घर कुणी शुद्ध केलं गं? मी नदीवर होते."

"कोण करणार? मीच. पहाटे गोमूत्र आणलं, तुळशीची डहाळी घेतली, न् सगळीकडं शिंपडलं. देवघर, माजघर, कोठी." सूप थांबलं नाही. "का गं?"

"अण्णांच्या खोलीत?"

आता सूप थांबलं.

"त्या खोलीत पाऊल घालवेना मला," आत्या म्हणाली. "दारातनंच शिंपडलं. टेबलाकडं चार वेळा जास्तच. तिथंच गेला ना तो. त्याची वस्तू तेवढी सुतकात राहायची, असं वाटलं." तिने विमलकडे पाहिलं. "हात न्हाई लावला बाई मी. त्यानं बजावलं होतं. लक्ष्मे, माझ्या टेबलाला हात लावशील तर बघ, म्हणायचा. गेल्यावरसुद्धा न्हाई लावला."

विमल खडे वेचत राहिली. वरच्या मजल्यावर घागर कलंडून छत गळलं म्हणून सांगता आलं असतं. शिवप्पाने छताचं नाव आपणहून पुढे केलं होतं, शरदने ते मानलं असतं, आणि ही म्हातारी कधी काही न कळता हैदराबादेला गेली असती. पण मग शिवप्पावरचा संशय कधी पुरता फिटला नसता. पाणी पडलं ते त्याच्याच हातून, असं मोंढा म्हणत राहिला असता.

"आत्या," ती म्हणाली, "गोमूत्रात खार असतो. तो आत सांध्यांवर बसला. त्यानं यंत्र तापतंय न् आवाज फाटतोय."

आत्याने सुपातला एक खडा बोटांत फिरवला. मग अगदी हळू म्हणाली, "म्हणजे त्याचा गळा मी बांधला?"

"पुसलं की जाईल. खरंच जाईल."

"न् त्या पोराला चोर म्हणून राहिलाय शरद." आत्याने सूप बाजूला सारलं, गुडघ्यावर हात देऊन उठली. "बोलाव त्याला. आत्ता. त्याला इथं घरात बसवून चहा देते मी. शरदला काय सांगायचं ते मी सांगते, तू मधे पडू नको."

तिने काय सांगितलं ते विमलने ऐकलं नाही. पण तासाभराने शरद स्वतः मोंढ्यात जाऊन शिवप्पाला घेऊन आला, आणि भर रस्त्याने त्याच्या खांद्यावर हात टाकून आला.

७

शिवप्पाने मदरशातून आणलेलं स्पिरिट कुंचल्याने पट्टीवर फिरवलं, सांध्यांवरची बुरशी खरवडली, पुन्हा पुसलं. कुंचला दोनदा हिरवा झाला. मग यंत्र उन्हात. तोवर विमलने वसंतरावांना ओट्यावरून बोलावून आणलं आणि चौघांपुढे एकेक गोष्ट मांडली: लाखेतली तारीख, उन्हात उतरणारा काटा, तोडलेली वाट, उताणं पडलेलं यंत्र, ओला कागद, गळू न शकणारं छत, खिडकीकडे शेपट्या असलेले थेंब. नाव सांगायची वेळ आली तेव्हा आत्याने दारातूनच तिला थांबवलं.

"शिवप्पा," ती म्हणाली, "तुझ्या हाताला दोष नव्हता रे बाबा. मीच होते ती."

शिवप्पा गडबडून गेला. "असं नका म्हणू, अव्वा. मी सरळ केलं तेव्हा नीट पुसून ठेवायला पाहिजे होतं."

"झालं! आता दोघांनी गुन्हा वाटून घ्या," वसंतराव म्हणाले. "माझ्या उभ्या वकिलीत असा खटला आला न्हाई."

उन्हं कलली. विमलने कंडेन्सरचं टोक पुन्हा जोडलं, मीटर लावला. काटा हलला, आणि जिथे अण्णांच्या हाताखाली असायचा तिथे येऊन थांबला. शून्य. वाल्वच्या काचेत फक्त एक नारिंगी वात होती. सनई लावली तर वसंतराव मान डोलवायला लागले आणि मग आपलं चुकलं असं वाटून थांबले.

कुंपणावरच्या बाभळीचा काटा शरदने आणला. विमलने तो ब्लेडने तिरका कापला, हलक्या हातात बसवला आणि करडी तबकडी फिरत असताना तिच्या कडेवर टेकवला.

आधी खरखर. मग कुणीतरी खाकरलं.

"हो गया शुरू?" अण्णांनी त्या तंबूतल्या माणसाला विचारलं, आणि खोलीतलं कुणी हललं नाही. "बरं. विमे, हा माणूस म्हणतो तीन मिनिटं. पोरांना एक धडा शिकवायला मला पाऊण तास लागतो, तुला ठाऊक आहे." ते हसले. त्यांच्या हसण्याआधी येणारा तो श्वाससुद्धा तबकडीत होता. लातुरात वीज आली की तिला असंच यंत्र करून देईन म्हणाले, तोवर कंदिलाच्या काचा जपून पूस म्हणाले. शरद हुशार आहे पण घाईत असतो, त्याला सांभाळ म्हणाले. शरदने खाली पाहिलं.

"आणि लक्ष्मीला सांग," अण्णा म्हणाले, "टेबलाला हात लावला म्हणून मी ओरडतो, ते मनावर घेऊ नको म्हणावं. ती फडकं मारते तेव्हाच माझे हरवलेले स्क्रू सापडतात. हे तिच्या तोंडावर मला सांगता येत नाही."

दारात आत्याने पदर तोंडाशी नेला. मग एक पाय उंबऱ्याच्या आत आला, आणि दुसरा. ती टेबलापाशी येऊन उभी राहिली आणि तिने हात टेबलाच्या कडेवर ठेवला.

"अजून थोडी जागा उरली म्हणतो हा," अण्णा म्हणाले. "माझं झालं बोलून. आता तू, विमे. बोल गं काही."

त्यानंतर नुसती खरखर होती. ते वाट बघत होते.

विमलने कर्ण्याकडे तोंड केलं.

"बे एके बे," ती म्हणाली.